यूकेचा स्टुडंट व्हिसा : फॉर्मला शाबासकी, जादा सेवांना लांबूनच नमस्कार

एका वर्षाच्या मास्टर्ससाठी यूकेचा स्टुडंट व्हिसा काढायचा तर एप्रिल २०२५ च्या दराने ब्रिटिश सरकारच्या खात्यात आधीच १,६८८ पौंड जमा होत. त्यातले ५२४ पौंड व्हिसाची फी आणि १,१६४ पौंड आरोग्य अधिभार, म्हणजे सगळे ज्याला आयएचएस म्हणतात तो. टीबीची तपासणी, विद्यापीठाला भरलेली आगाऊ रक्कम आणि विमानाचं तिकीट यात धरलेलं नाही. एवढे पैसे मोजल्यावर सेवा कशी आहे, हे विचारायला हरकत नसावी. मिक्सर घेताना आपण चार दुकानं फिरतो, व्हिसाची फी मात्र नवस फेडल्यासारखी भरून मोकळे होतो.

आयएचएसचा आकडा बघून बरेच जण दचकतात, कारण दर वर्षाला ७७६ पौंड आहे आणि कोर्स तर एकाच वर्षाचा. मेख अशी की अधिभार कोर्सच्या नव्हे, व्हिसाच्या मुदतीवर लागतो. बारा महिने किंवा त्याहून मोठ्या कोर्सला आधी एक महिना आणि नंतर चार महिने जोडून मिळतात, म्हणजे सतरा महिने. वर्षाच्या वरचा तुकडा सहा महिन्यांच्या आत असेल तर अर्धा दर, म्हणून ७७६ अधिक ३८८. दोन वर्षांच्या कोर्सला हाच हिशोब १,९४० वर जातो. फेब्रुवारी २०२४ पर्यंत विद्यार्थ्यांना हा दर ४७० पौंड होता, तेव्हा आधी जाऊन आलेल्या मित्राचा आकडा प्रमाण मानू नका. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, व्हिसाची फी मिळत नाही.

सेवेचा स्वभाव आधी सांगून टाकलेला बरा. अमेरिकेच्या व्हिसासारखं खिडकीसमोर दोन-चार मिनिटांत नशीब ठरण्याचा प्रकार इथे सहसा होत नाही. नियम लिहिलेले आहेत, ते कुणालाही वाचता येतात, आणि अधिकारी त्यावर बोट ठेवून निर्णय देतो. कागद नियमात बसले की व्हिसा मिळतो. एक दिवस किंवा एक रुपया कमी पडला की मिळत नाही, मग पोरगा गोल्ड मेडलिस्ट का असेना. हा कोरडेपणा आम्हाला आवडतो. मात्र कोरड्या माणसाशी व्यवहार करताना आपला हिशोब पक्का लागतो, आणि नाकारले जाणारे बरेच अर्ज तिथेच घसरतात.

सुरुवात कॅसपासून होते, म्हणजे विद्यापीठाने प्रवेश पक्का केल्याच्या क्रमांकापासून. विद्यापीठ ऑफर पक्की करतं, आगाऊ रक्कम घेतं आणि मग हा क्रमांक देतं. तो सहा महिने चालतो, एका अर्जालाच वापरता येतो, आणि अर्ज कोर्स सुरू व्हायच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कॅस हातात आला की तो लग्नपत्रिकेसारखा नुसता फिरवू नका, वाचा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कोर्सच्या तारखा, एकूण फी, भरलेली फी, राहण्यासाठी भरलेले पैसे. यातला एकही आकडा चुकला असेल तर अर्जाआधी विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्यायचा. विशेषतः कॅस निघाल्यानंतर तुम्ही फीचा आणखी एक हप्ता भरला असेल, तर तो कॅसवर चढवून घ्या. नाहीतर तेवढे पैसे भरूनही तेवढेच पुन्हा खात्यात दाखवावे लागतील.

नावाचा घोळ तर खास महाराष्ट्राचा. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि दिलेल्या नावात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. विद्यापीठाचा अर्ज गुणपत्रिका समोर ठेवून भरला की कॅसवर आडनाव पहिलं नाव होऊन बसतं. पासपोर्टचा खालचा ओळींचा भाग, ज्यात बाणासारख्या खुणा असतात, तो समोर धरा आणि सगळीकडे तेच नाव त्याच क्रमाने टाका.

दोन गोष्टी अर्जाच्या कितीतरी आधी हाताळाव्या लागतात. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, मटेरियल सायन्सच्या काही शाखा अशा संवेदनशील विषयांच्या मास्टर्स आणि पीएचडीला एटास नावाची वेगळी मंजुरी लागते. ती फुकट आहे, पण कामाचे किमान तीस दिवस खाते आणि ती आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करून उपयोग नाही. ऑफरच्या पत्रात तिचा उल्लेख एखाद्या ओळीत असतो आणि तो नेमका नजरेतून सुटतो. दुसरी टीबीची तपासणी. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर भारतातून जाणाऱ्याला ती सक्तीची आहे, आणि तीही ब्रिटिश गृहखात्याने मान्य केलेल्या यादीतल्या दवाखान्यातूनच. घरच्या डॉक्टरांचं पत्र किंवा गल्लीतल्या लॅबचा एक्स-रे, कितीही स्पष्ट असो, इथे कामाचा नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. बहुतेकांचं काम एका फेरीत होतं. पण एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीचे नमुने घेतात, आणि त्यांचं कल्चर यायला दोन महिने लागू शकतात. लहानपणी टीबी किंवा न्यूमोनिया होऊन गेला असेल तर ही तपासणी मे महिन्यातच उरका, ऑगस्टची वाट पाहू नका.

आता फॉर्म. सरकारी संकेतस्थळावरचा हा फॉर्म म्हणजे या सगळ्या सेवेतला सर्वांत चांगला भाग. एका पानावर एक प्रश्न, साधी भाषा, मध्येच थांबलात तर ईमेलवर दुवा येतो आणि तिथून पुढे चालू. पासपोर्ट साइझ फोटोही लागत नाही, तो व्हिसाच्या अर्ज केंद्रावर काढतात. आईवडिलांच्या जन्मतारखा, दहा वर्षांतले परदेश प्रवास, पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असल्यास त्याची माहिती, असं सगळं विचारतात. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. तीन वर्षांपूर्वी कॅनडाने नाकारलेला व्हिसा सांगितल्याने सहसा काही बिघडत नाही, लपवल्याने मात्र फसवणुकीचा शिक्का बसतो आणि दहा वर्षांची बंदी येऊ शकते. फॉर्म संपला की आधी आयएचएसचं पान, मग व्हिसाची फी, मग केंद्राची अपॉइंटमेंट असा क्रम आहे. पैसे भरताना डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार सुरू आहेत का आणि दिवसाची मर्यादा किती, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. रात्री साडेअकराला कार्ड नाकारलं गेलं की बँकेत फोन उचलायला कुणी नसतं. आणि लक्षात ठेवा, फी ज्या दिवशी भरली तो अर्जाचा दिवस. पुढचा सगळा हिशोब त्या तारखेला बांधलेला आहे.

पैसे. इथे थोडं थांबू.

नियम असा : पहिल्या वर्षाची उरलेली फी, अधिक राहण्याचा खर्च, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे, या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधी ३१ दिवसांच्या आत पडला पाहिजे, आणि मधल्या एकाही दिवशी शिल्लक त्याखाली जाता कामा नये. काही देशांच्या विद्यार्थ्यांना हे कागद सुरुवातीला जोडावे लागत नाहीत. त्या यादीत भारत नाही.

उदाहरण घेऊ. लंडनबाहेरचं विद्यापीठ, फी २२,००० पौंड, त्यातले ५,००० भरलेले आणि कॅसवर नोंदलेले. उरले १७,०००, त्यात १०,५३९ मिळवले की २७,५३९ पौंड. पौंडाचा भाव १२० रुपये धरला तर ३३,०४,६८० रुपये. आता काठावर ३३ लाख ५ हजार ठेवून निर्धास्त झालात, आणि अर्जाच्या दिवशी भाव १२२ झाला, तर लागणारी रक्कम ५५ हजारांनी वाढली आणि तुमचा अर्ज नियमाबाहेर गेला. भाव अर्जाच्या दिवसाचा, तोही ओआंडा या संकेतस्थळावरचा धरतात, तुमच्या बँकेचा नाही. म्हणून वर पाच ते सात टक्के जास्त ठेवा. आणि तारखा : २० ऑगस्टला फी भरणार असाल आणि स्टेटमेंट १८ ऑगस्टपर्यंतचं असेल, तर २२ जुलै ते १८ ऑगस्ट हे तुमचे २८ दिवस. २१ जुलैच्या रात्रीपर्यंत पैसे आत हवेत. ‘महिनाभर होते की’ हा हिशोब नाही, कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा.

आता एक स्टेटमेंट जवळून बघू. वडिलांचं बचत खातं, एफडी मोडून ३५ लाख जमा केले, ओळ दिसते. दुसऱ्याच दिवशी शिल्लक पन्नास हजार. पैसे गेले कुठे? कुठेच नाही. खात्याला ऑटो स्वीप लावलेलं आहे, ठरावीक रकमेवरचे पैसे बँकेने आपोआप मुदत ठेवीत वळवले. घरच्यांना ते माहीतही नसतं, कारण काढायला गेलं की पैसे मिळतात. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र पन्नास हजारच दिसतात. उपाय सोपा आहे : २८ दिवस सुरू व्हायच्या आधी शाखेत जाऊन स्वीप बंद करून घ्या, किंवा त्याला जोडलेल्या ठेवीचा स्वतंत्र कागद लावा. याच खात्यातून विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता, एसआयपी कापली जाते का तेही बघा. मधल्या दिवसांत एका कापणीने शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या हजार रुपये खाली गेली की मागचे सगळे दिवस वाया, मोजणी पहिल्यापासून.

मुदत ठेव चालते, पण हवी तेव्हा मोडता आली पाहिजे. तिच्यावर कर्ज काढलेलं असेल, म्हणजे ती तारण असेल, तर ती मोजू नका. शेअर, म्युच्युअल फंड, पेन्शन, सोनं, शेतजमीन यांची किंमत इथे शून्य. हे पचायला जड जातं. वीस एकर बागायत असलेल्या घराला खात्यात रोख पैसे दाखवायला सांगणं हा अपमान वाटतो, पण नियम तसा आहे आणि त्यात वाद नाही.

दोन कागद आपल्याकडे हटकून काढले जातात आणि ते इथे निरुपयोगी आहेत. एक बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट : मॅनेजरची सही, गोल शिक्का, सगळं झोकात, पण त्यावर फक्त त्या दिवसाची शिल्लक. मागचे २७ दिवस कोण सांगणार? दुसरं सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, मालमत्तेच्या मूल्यांकनासह, बाइंडिंग केलेलं. त्याचे हजारो रुपये देण्यापेक्षा त्यात चांगला जाड कोट घ्या. स्टेटमेंटवर खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, बँकेचं नाव, तारीख आणि रोजची शिल्लक स्पष्ट दिसली की पुरे. नेटबँकिंगवरून काढलेलं असेल तर शाखेतून शिक्का मारून घेतलेला बरा, सक्ती म्हणून नव्हे, शंका नको म्हणून.

पतसंस्थेत पैसे असतील तर विशेष सावध. नियमात म्हटलं आहे की वित्तसंस्था योग्य नियामकाच्या देखरेखीखाली हवी, तिच्या नोंदी संगणकावर हव्यात आणि पडताळणी करता आली पाहिजे. नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात. पतसंस्था आणि पतपेढ्या सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या असतात, त्यामुळे तिथली ठेव धरून चालू नका. पतपेढीतून काढा, बँकेत टाका, २८ दिवस थांबा. दुकानाच्या करंट खात्यातल्या पैशांनाही हाच रस्ता निर्धोक आहे.

खातं कुणाचं चालतं? विद्यार्थ्याचं, आईवडिलांचं, कायदेशीर पालकाचं, किंवा काही अटींवर जोडीदाराचं. काका, मामा, आजोबा, अमेरिकेतला भाऊ यांचं नाही, त्यांची शपथपत्रं नोटरी करून आणली तरी नाही. काकांना मदत करायचीच असेल तर त्यांनी पैसे वडिलांच्या किंवा विद्यार्थ्याच्या खात्यात वळवायचे आणि सोबत देणगीचं साधं पत्र ठेवायचं, म्हणजे एकदम आलेल्या मोठ्या रकमेचं उत्तर तयार राहतं. जमलं तर सगळे पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यात ठेवा. कारण खातं आईवडिलांचं असेल तर दोन कागद वाढतात : त्यांचं संमतिपत्र आणि विद्यार्थ्याचा जन्मदाखला.

जन्मदाखला म्हणजे जन्मदाखला. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला यांनी नातं सिद्ध झालं असं इथे मानत नाहीत. आणि आपले जुने जन्मदाखले म्हणजे एक प्रकरणच असतं. जन्म प्रसूतिगृहात नोंदवला, नाव बारशाला ठेवलं, आणि दाखल्यावर नावाची जागा वीस वर्षं कोरी राहिली. किंवा आईचं माहेरचं नाव आहे आणि बँक खात्यावर सासरचं. किंवा वडिलांचं नाव तिथे ‘बाळासाहेब’ आणि पासपोर्टवर ‘दत्तात्रय’. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्यायला आठवडे जातात, म्हणून ऑफर आली त्याच आठवड्यात दाखला काढून बघा. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. आजकाल बऱ्याच पालिका मराठी-इंग्रजी दाखला देतात, तो नव्याने काढला तर हा खर्च वाचतो.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची भानगडच नाही, म्हणून आमच्या मते पात्रता असलेल्याने तोच मार्ग धरावा. पण बँकेचं मंजुरीपत्र जसंच्या तसं लावू नका. आपल्या बँकांच्या मंजुरीपत्राला मागे दीड पान अटी असतात : गहाणखत नोंदल्यावर, मार्जिन भरल्यावर, जामीनदाराची सही झाल्यावर. यूकेचा नियम म्हणतो की व्हिसा मिळणं सोडून पैसे देण्यावर दुसरी अट नसावी. म्हणून गहाणखत आधी उरकून बँकेकडून वेगळं, एका पानाचं पत्र घ्या. त्यात कर्जदार म्हणून विद्यार्थ्याचं नाव (सहकर्जदार आईवडील असू देत), अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली तारीख, रक्कम, फी आणि राहण्याचा खर्च असे वेगळे आकडे, आणि पैसे प्रवासाआधी मिळतील किंवा थेट विद्यापीठाला भरले जातील हे वाक्य. शाखेतल्या अधिकाऱ्याला हे तोंडी सांगून जमत नाही. मजकूर टाइप करून न्या, तो लेटरहेडवर घेऊन देतो.

बाकीचे कागद सोपे. कॅसवर ज्या शिक्षणाच्या आधारे प्रवेश दिल्याचं लिहिलंय, तेच प्रमाणपत्र आणि त्याच गुणपत्रिका लावायच्या. दहावीपासूनचा गठ्ठा आणि गॅदरिंगची प्रशस्तिपत्रं नकोत. इंग्रजीचं प्रमाण कॅसवर ज्या पद्धतीने नोंदलंय तसं द्या. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण ग्राह्य धरतात, तशी नोंद असेल तर बारावीची गुणपत्रिकाच तुमचा पुरावा, वेगळी आयईएलटीएस लागत नाही.

आता व्हीएफएसचं केंद्र, मुंबई किंवा पुणे. या कंपनीचा निर्णयाशी काडीचाही संबंध नाही. ती बोटांचे ठसे घेते, फोटो काढते, कागद पुढे पाठवते. काउंटरवरच्या मुलीने ‘हा कागद बरोबर आहे’ म्हटलं तरी तो नियमात बसतो असं नाही, आणि तिने भुवया उंचावल्या म्हणून काही बिघडतही नाही. साध्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या. कागद घरूनच पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवा, मोबाइलने काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो नकोत. स्टेटमेंटची सगळी पानं एका फाइलमध्ये, जन्मदाखला आणि संमतिपत्र दुसऱ्या फाइलमध्ये, नाव स्पष्ट. केंद्रावर स्कॅन करून देण्याची सेवा आहे, पण तिचे पैसे वेगळे आणि घाईत एखादं पान सुटलं तर नुकसान तुमचं. लाउंज, एसएमएस आणि तत्सम जादा सेवांची यादी लांबलचक आहे. सोफ्यावर बसून बोटं दिल्याने अर्ज लवकर निघत नाही. 

बोटांबद्दल एक सूचना. दहाही बोटांचे ठसे घेतात. बहिणीच्या लग्नातली मेंदी बोटांच्या टोकांवर असेल, किंवा विळीने बोट कापलं असेल, तर ठसा नीट येत नाही आणि पुन्हा यावं लागतं. लग्न आधी की अपॉइंटमेंट, ते ठरवून घ्या.

निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत येतो. हे दिवस ठसे दिल्यापासून मोजतात, फी भरल्यापासून नव्हे. ५०० पौंड जास्त भरले तर पाच कामाच्या दिवसांत आणि १,००० भरले तर पुढच्या कामाच्या दिवशी, अशा दोन जलद सेवा आहेत, केंद्रानुसार उपलब्ध. जून-जुलैत अर्ज केलात तर यांची गरज नाही. सप्टेंबरच्या तोंडावर, कॅसवरची शेवटची हजर होण्याची तारीख डोक्यावर आली असेल तर ५०० घालवण्यात अर्थ आहे. मात्र अर्जात काही पडताळायचं निघालं तर ही मुदत लांबू शकते. जलद सेवेने रांग बदलते, निकष तेच राहतात.

मुलाखत सगळ्यांची होत नाही, पण बोलावलं तर व्हिडिओवर होते. हाच कोर्स का, त्यात कोणते विषय आहेत, दुसरी कोणती विद्यापीठं पाहिली, पैसे कोण देतंय, राहणार कुठे. पाठ केलेली उत्तरं ऐकणाऱ्याला लगेच कळतात. विषयांची नावं विद्यापीठाच्या पानावरून वाचून, दोन विषय का हवेत ते आपल्या शब्दांत सांगता आलं की झालं. विद्यापीठंही आता कॅस देण्याआधी अशीच मुलाखत घेतात आणि कधी कधी ती जास्त कडक असते. कारण उघड आहे : ज्यांना कॅस दिला त्यांतल्या दहा टक्क्यांहून जास्त अर्ज नाकारले गेले तर विद्यापीठाच्या परवान्यावर गदा येत असे, आणि ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती मर्यादा पाच टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. त्यांनाही धोका नको आहे.

एजंट घ्यावा का? यूकेच्या प्रवेशात बहुतेक एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून ते विद्यार्थ्याकडून ‘फुकट’ काम करतात. ज्या विद्यापीठाकडून कमिशन नाही, त्याचं नाव त्यांच्या यादीत शोधून सापडत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तर हरकत नाही. व्हिसाच्या अर्जासाठी वेगळे पैसे मागणारा मात्र नेमकं काय करणार हे विचारा. फॉर्म तुम्हीच भरावा, निदान पाठवण्याआधी प्रत्येक पान वाचावं. ‘फंड दाखवून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात तर उभंही राहू नका. महिन्याभरासाठी व्याजाने उसने आणलेले पैसे किंवा बनावट स्टेटमेंट, बँकेकडे पडताळणी गेली की उघडं पडतं, आणि दहा वर्षांची बंदी एजंटवर नाही, विद्यार्थ्यावर येते.

नकार आला तर पत्र नीट वाचा, कारण त्यात कुठला नियम आणि कुठली तारीख ते लिहिलेलं असतं. अधिकाऱ्याची चूक असेल, म्हणजे कागद लावलेला होता आणि तो पाहिलाच नाही, तर २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. तिची फी ८० पौंड, निकाल तुमच्या बाजूने लागला तर परत. पण चूक तुमची असेल, २८ ऐवजी २६ दिवस भरले असतील, तर फेरतपासणीत ८० पौंड घालवू नका. नवा कागद तिथे सहसा बघत नाहीत. विद्यापीठाकडून नवा कॅस मागा, कारण जुना वापरून झाला, आणि नव्याने अर्ज करा.

होकार आला तर आता पासपोर्टवर स्टिकर शोधू नका. १५ जुलै २०२५ पासून स्टुडंट व्हिसा ई-व्हिसा म्हणून मिळतो, आणि पूर्वी तिथे पोचल्यावर मिळणारं बीआरपी, म्हणजे वास्तव्याचं कार्डही २०२४ अखेर बंद झालं. यूकेव्हीआयचं, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागाचं, ऑनलाइन खातं उघडायचं, पासपोर्ट जोडायचा आणि आत व्हिसाच्या तारखा बघायच्या. सुरुवातीच्या तारखेआधी उतरता येत नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी ती बघा. मग नावाची अक्षरं, जन्मतारीख, विद्यापीठ, आणि कामाची अट (पदवी आणि त्यावरच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास) तपासा. घरमालक आणि नोकरी देणारा दोघेही याच खात्यातून काढलेला शेअर कोड, म्हणजे व्हिसा तपासायचा क्रमांक, मागतात. काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्तीचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो विमानात बसायच्या आधी भरा. आणि दरम्यान पासपोर्ट बदलला असेल तर नव्या पासपोर्टचा क्रमांक त्या खात्यात चढवल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका, कारण चेक-इनचा माणूस हातातला क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक ताडून बघतो.